डाव्या भुवईचं प्रकरण

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कळविण्यास अत्यंत दुःख होते, की गेल्या रविवारी दुपारी सव्वाबारा वाजता तुझ्या कामाच्या शेडमध्ये माझी डावी भुवई कोणत्याही आजाराशिवाय निवर्तली. तिच्या पश्चात एक उजवी भुवई आणि एक भाऊ असा परिवार आहे.

बाबांचं डोकं घडवायचंय, तोंडवळा तुझाच त्यांच्यासारखा, तेव्हा तुझ्या चेहऱ्याचा साचा घेते, असं गोड बोलून तू मला आडवं केलंस. नाकात दोन कागदी नळ्या खुपसल्यास. व्हॅसलिन चोपडता चोपडता माझ्या सदरातल्या चुका काढत बसलीस, आणि त्या नादात डावी भुवई कोरडीच राहिली. वर प्लॅस्टर थापलंस. ते घट्ट होताना तापतं, हे तू मला ते तापल्यावर सांगितलंस. साचा उचललास तेव्हा माझ्या तोंडून जो शब्द निघाला, तो वडील बहिणीला लिहिण्यासारखा नाही.

माझा धंदा टोचून लिहिण्याचा. ऑफिसात डावी भुवई जरा वर गेली की समोरचा काय समजायचं ते समजायचा. आता संपादक म्हणतात की माझा चेहरा एकाएकी प्रामाणिक दिसू लागलाय. कालचा लेख त्यांनी एकही शब्द न कापता छापला. या वयात हाही अपमान बघायचा होता. बायकोने तिच्या पेन्सिलने भुवई रेखून दिली, ती घामाने दुपारपर्यंत गालावर उतरली.

असो. बाबांच्या माजी विद्यार्थ्यांच्या समितीचा अध्यक्ष, तो दंतवैद्य, परवा भेटला. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांचं नाव काढताना अजून हात मागे बांधतो. पण काम आलं की पक्का समितीवाला. म्हणाला की आई गेल्यापासून तुमच्या घरात वडीलधारी आत्याच, तेव्हा चोवीस तारखेपर्यंत तिने मातीचं डोकं बघून हा आमचा दादाच असं म्हटलं तर पंचवीसला ओताऱ्याकडे ब्राँझचं काम सुरू होईल. नाहीतर त्याच्या ओळखीचा एक पुतळेवाला आहे. त्याच्या फळीवर चाळीस डोकी कायम तयार असतात, फक्त चष्मा बदलावा लागतो. तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाचं असलं डोकं त्याच्याच चित्रकलेच्या वर्गात बसवलं, तर बाबा लाल पेन्सिल घेऊन परत येतील.

एकभुवया माणसावर लोभ मात्र दुभुवया ठेवावा, ही विनंती.

तुझा,
टोच्या


८ फेब्रुवारी

चि. टोच्यास,
अ. उ. आ.

भुवई सुखरूप आहे. साच्याच्या आतल्या बाजूला, एकही केस वाया न जाता, ओळीने उभी आहे. तुझ्या बाबतीत एवढी शिस्त मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि केसाला केस झाला. मी नववीत असताना मला चित्रस्पर्धेत खऱ्या केसांचा आठ नंबरचा ब्रश मिळाला होता. त्याने सायकलचं मडगार्ड कोणी रंगवलं आणि तो तसाच दगडासारखा वाळू कोणी दिला, हे तू आजतागायत कबूल केलेलं नाहीस. बोलणी मी खाल्ली. ज्याला हत्यार सांभाळता येत नाही त्याने रंगाला हात लावू नये, असं बाबा पाहुण्यांसमोर म्हणाले आणि माझी रंगपेटी कपाटात बंद झाली. मग आईने कुंड्यांसाठी आणलेलं मातीचं पोतं माझ्या पलंगाखाली दिसलं, त्यात हात घातला, तो अजून बाहेर काढलेला नाही.

आता कामाचं लिहिते. लोखंडी सांगाड्यावर माती चढवली, मापं तुझ्या साच्यावरून घेतली, टक्कल आणि चष्मा त्या एकुलत्या फोटोवरून. परवा आत्याला बोलावलं. मी ओलं फडकं काढलं. ती डोक्याभोवती दोनदा फिरली आणि तिने विचारलं, की धाकट्याला एवढं म्हातारं का केलंयस, आणि दादाचं डोकं कुठे ठेवलंयस.

हसू नकोस. मला हसू आलं नाही. प्लॅस्टरचं वजन पडलं की गाल खाली ओघळतात, डोळे मिटलेले असतात. असा साचा हाडं सांगतो, माणूस सांगत नाही. हे मला शिल्पकलेच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि मी कामाच्या तिसाव्या वर्षी विसरले. फोटोत बघावं तर बाबांच्या जागी कुणी पोस्टमास्तर बसल्यासारखे वाटतात.

खरं सांगू? बाबा पोरांच्या वाकड्या भोपळ्यालाही छान म्हणायचे. माझ्या कामाला मात्र चालेल, याच्यापुढे कधी गेले नाहीत. निदान त्यांचं डोकं तरी माझ्या हातून नीट व्हावं एवढीच इच्छा आहे. ते फळीवरून आलेलं मला बघवणार नाही. लोकांचे चेहरे न्याहाळण्याचा तुला पगार मिळतो ना? मग आठवून लिही, त्यांच्या चेहऱ्यात असं काय होतं जे तुझ्यात नाही. अक्कल सोडून.

माया आहे तेवढी ओल्या फडक्याखाली ठेव, वाळली की तडे जातात.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ब्रशाचा आरोप मला मान्य नाही. ती सायकल त्या काळात आपोआप रंग बदलायची.

बाकी तुझं उत्तर मला आज सकाळी सापडलं, आणि श्रेय भुवईचं आहे. म्हणजे तिच्या नसण्याचं. तोंड धुताना साबणाचा फेस थेट डोळ्यात गेला. भुवई हा देवाने बांधलेला बांध आहे, हे तो फुटल्यावर कळतं. डावा डोळा गच्च मिटून मी टॉवेल चाचपत होतो, उजव्याने आरशात बघितलं, तर आरशात बाबा! मी घाबरून बादलीत पाय घातला.

आठव ताई. बाबा कुणाकडे दोन डोळ्यांनी बघायचेच कुठे? डावा डोळा बारीक करायचा, हात लांब करायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं. पाहुणा आला की आधी त्याचं नाक मोजायचे, मग या बसा म्हणायचे. आईला बघायला गेले तेव्हा पेन्सिल जवळ नव्हती म्हणून चहाच्या चमच्याने मोजली, असं आत्या सांगते. जन्मभर एकच डोळा मिटून त्यांचा डावा गाल वर चढून बसला होता. कोपऱ्यात सुरकुत्यांचा पंखा, ओठही त्या अंगाला थोडा ओढलेला. त्यामुळे रागावलेत की हसताहेत, हे कळायचं नाही. उजवी बाजू मात्र गुळगुळीत, जणू दुसऱ्या माणसाची. फोटोवाल्याने दटावून दोन्ही डोळे उघडायला लावले, म्हणून तो पोस्टमास्तर निघाला. तुझं डोकंही दोन्ही डोळे उघडून बसलं असणार. त्याला एक मिटायला सांग.

पत्राचं उत्तर न देता कामाला लागावं. लोभ नंतर करता येतो.

तुझा,
टोच्या


२४ फेब्रुवारी

चि. टोच्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि डावा गाल अंगठ्याने वर सारला. कोरणी हातात घ्यायला धीर होईना, नुसता अंगठा. डोळा पूर्ण मिटला नाही, पापण्यांमध्ये फट ठेवली. उजव्या बुबुळाला खोल खळगा केला आणि आत मातीचा एकच कण सोडला. त्या कणावर उजेड पडतो आणि नजर रोखल्यासारखी वाटते. मग दहा दिवस बाकीचा चेहरा त्या गालाच्या मागे धावत होता.

आज समिती आली, आत्या आली. दंतवैद्याने बराच वेळ बघून शंका काढली, की पाहुणे आले तर सरांनी त्यांना डोळा मारला असं नाही का वाटणार. मी आत्याकडे बघितलं, तर ती समोरच्या स्टुलावर बसून राहिलेली. बोलेना, मान हलवेना. तब्येत बिघडली की काय म्हणून मी जवळ गेले. ओठ न हलवता ती पुटपुटली, की दादाला विचार अजून किती वेळ बसायचंय, माझी मान अवघडली.

लहानपणी बाबा चित्र काढायला तिला असंच तासन्‌तास बसवायचे, तुला माहीत आहे. आणि गंमत बघ, हे ऐकल्यावर दंतवैद्याने मोबाइल खिशात टाकला, हात मागे बांधले आणि तोही ताठ उभा राहिला. त्यानंतर डोळ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. ओतारी उद्या सकाळी येतो आहे.

तुझी भुवई मी साच्यासकट जपून ठेवली आहे. तुझ्यावर नाही तरी तिच्यावर माझा जीव आहे, एवढं समजून घे.

तुझी,
ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भुवई पूर्ण उगवली. संपादकांनी परवाचा लेख अर्धा कापला. सगळं पूर्वपदावर आलं आहे.

परवाच्या अनावरणाचं तुला काय लिहिणार, तूच तिथली यजमान. पण तू ओताऱ्याला गाडीपर्यंत पोचवायला गेलीस तेव्हा वर्गात मी, आत्या आणि ब्राँझचे बाबा असे तिघेच उरलो. बाबांनी डोळा बारीक केला होता. त्या नजरेखाली माणूस फार वेळ टिकत नाही. मी आत्याला मडगार्डचं सांगून टाकलं.

आत्या म्हणाली, की हे दादाला तेव्हाच कळलं होतं. मडगार्डच्या रंगात ब्रशाचे केस अडकलेले होते, आणि चित्रकलेच्या मास्तरला ते ओळखू येणार नाहीत होय. पण पाहुण्यांसमोर मुलीला बोललेलं मागे कसं घ्यायचं, हे त्यांना कुठल्याच शाळेत शिकवलेलं नव्हतं. दोन दिवस घुम्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी कुंभाराकडून पोतंभर माती खांद्यावर घेऊन आले आणि तुझ्या पलंगाखाली सारली. कुंड्यांची माती पलंगाखाली कोण ठेवतं ताई? आपण दोघंही हुशार म्हणवतो.

आठवड्याने ते तुझी रंगपेटी परत द्यायला निघाले होते. पण तू कोपरापर्यंत मातीत होतीस. मग दाराआड उभे राहून, एक डोळा मिटून, तासभर तुझ्याकडे बघत राहिले आणि पेटी घेऊन परत फिरले. आत्याने विचारलं, तर म्हणाले की आता तिला रंग नकोत, हात सापडलेत. तुझ्यासमोर चालेल, याच्यापुढे त्यांची जीभ कधी वळली नाही, हे खरं. पण ते माप तुझंच घेत होते.

स्टेशनला निघण्याआधी तुझ्या शेडमध्ये डोकावलो, तेव्हा तू नळावर हात धूत होतीस. कोरण्यांच्या खालच्या खणात एक लांबट डबी ठेवली आहे. ती कशाबद्दल, ते लिहीत नाही. आठ नंबर आहे, खरे केस आहेत, आणि सगळे जागच्या जागी आहेत.

तुझा,
टोच्या