पाटनची पोच

काल दुपारी मी एकच बटण तिसऱ्यांदा दाबलं आणि माझं आयुष्य बदललं, विनता आत्या. (आधी जयभीम लिहायचा असतो, घाईत राहिला. तुला आणि मामांना सप्रेम जयभीम. गुडघे कसे आहेत? तिकडे नागपूरला ऊन असेल, अंगणात बसत जा. आम्ही सारे मजेत. माझ्या कॉलेजचं मात्र विचारू नको. विभागप्रमुखांच्या केबिनचं दार मी आपटलं, काच फुटली, आणि तो विषय काचेबरोबर संपला.)

तर बटण. मी इथल्या बाजारात, बड्या फुहाऱ्याच्या चौकामागे, भैयालालजींच्या धान्याच्या पेढीवर कॉम्प्युटर सांभाळतो, हे तुला ठाऊक आहेच. शेठचा मोबाइलवरच्या मेलवर काडीचा विश्वास नाही. त्यांना मेल टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये, त्या जुन्या प्रोग्रॅमात, आपल्या डोळ्यांपुढे पाहिजे. "जो अपने डिब्बे में है, वही अपना है," असं म्हणून ते रोज पडद्यावर हात फिरवतात. त्या डब्यात जवळच्या पाटन गावच्या आडतीवरून रोज सकाळी भावाची मेल येते. ती पाठवते प्रणोती. मटार इतका, गहू इतका, हरभऱ्यात ओल. शेठसाठी सारं हिंदीत. पण माझं आडनाव कळल्यापासून तळाशी एक ओळ मराठीत असते. 'आज धुकं फार आहे, गाड्या उशिरा येतील.' आत्या, ही ओळ वाचली की मला फुहाऱ्यावरचे हॉर्न ऐकू येत नाहीत. शेतं दिसतात, धुक्यात उभे बैल दिसतात, आणि मटाराच्या ढिगाशी शाल घेऊन ती, ओंजळीत शेंगा. (भेट एकदाच झाली आहे. गव्हाचा नमुना द्यायला आली होती. मी गहू घेतला आणि पिशवी परत द्यायची विसरलो. अजून माझ्याकडे आहे.)

परवा शेठ म्हणाले, कॉम्प्युटर बदलायचा आहे, सगळ्या मेलचा बॅकअप घे. घेतला. काल नवीन कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडला तर डबा रिकामा! एक मेल नाही. पासवर्ड विचारे, दिला की पुन्हा विचारे. मी मदतकेंद्राला फोन लावला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, प्रोग्रॅम बंद करा, सुरू करा, बॅकअपमधून मेल आत घ्या, आणि वाट पाहा. वाट पाहणं आपल्या घराण्यात कोणाला जमलं आहे? मी बटण दाबलं. काही हलेना. पुन्हा दाबलं. मग डोकं तापलं, कीबोर्डवर मूठ मारली आणि तिसऱ्यांदा दाबलं. तेव्हा आल्या. सगळ्या आल्या, तीन-तीनदा आल्या, आणि सगळ्या न वाचलेल्या, ठळक काळ्या अक्षरांत.

शेठ आतल्या गादीवर झोपले होते. जास्तीच्या प्रती पुसायच्या सोडून मी पाटनच्या मेल वाचत बसलो. पावसाळ्यातल्या, दिवाळीच्या, धुक्याची तर तिन्ही वेळा. वर्ष उलटं फिरून राहिलं होतं आणि मी त्यात तरंगत होतो.

तेवढ्यात फोन. प्रणोती.

"सुमेधजी, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"हो. काहून?"

"दुपारपासून तुम्ही जुने भाव वाचून राहिले. माझ्याकडे पोचेवर पोच येऊन राहिली."

आत्या, मी विसरलोच होतो. मागे एकदा शेठनं 'भाव मिला ही नहीं' म्हणून तिला रागावलं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक मेलला पोच मागते, आणि इथं मेल उघडली की प्रोग्रॅम आपोआप 'वाचली' असं तिला कळवतो. एकदाच कळवतो, पण काल परत आत आलेल्या सगळ्या मेल त्याच्या लेखी नव्या होत्या.

"बॅकअप तपासत होतो," मी म्हणालो.

"धुक्याचा बॅकअप तीनदा तपासला?"

ती हसली असावी. मग म्हणाली, "त्या पोचांनी माझा डबा भरला, आता एकही मेल जाऊन नाही राहिली. ते सोडा. तुमचं कॉलेज कुठवर झालं? माझे बाबा विचारतील. मला उत्तर पाहिजे."

मागे शेठ उभे. पडद्याकडे पाहून राहिले होते. "सब शहर मोटे अक्षर में हैं," ते म्हणाले, "ये पाटन अकेला दुबला कैसे हो गया?" त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे. "कल पाटन जाओ, उसका डिब्बा ठीक करो। ना हो, तो उधर से सीधे घर।"

म्हणून आज जातो आहे. हे ई-मेलनं कळवणार होतो. पण आता माझं काय, कुठं, किती प्रतींत जाईल याचा भरवसा नाही.

तुझा,
सुमेध

ता.क. त्या कॉलेजात दीपा मॅडम आहेत ना, तुझ्या शाळेतल्या मैत्रीण? त्यांना सहज विचारशील का, मधे सोडलेल्याला परत घेतात का? सहज. मला काही फरक पडत नाही.

ता.ता.क. फरक पडतो. काच मी स्वतः बसवून देतो म्हणावं. विभागप्रमुखांची माफी मागतो, सगळ्या वर्गासमोर मागतो. पत्र मिळताच त्यांना फोन कर आत्या, गुडघे दुखत असले तरी. प्रणोतीला काय सांगू? दुपारी मी तिच्यासमोर असेन.

आणखी एक. बाबांना यातलं काही बोलू नको. ही ओळ उभ्यानं लिहून राहिलो; पिशवी खांद्याला आहे, तिचीच. बाहेर आज चांगलंच धुकं आहे. बाबा झोपले आहेत, म्हणून दार हळूच लावून निघतो. हो, हळूच. मलाही आत्ताच कळलं की लावता येतं.