तुमचा पेशंट, माझा करार

बाबा, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. त्या ऑस्ट्रेलियन माणसाचा मात्र लगेच आठवतो. बँकेत, एअरपोर्टवर कोणी माझं आडनाव वाचून वर बघितलं की आधी तोच ऐकू येतो. त्याची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत होती.

ऐंशीच्या दशकात मी मॅनहॅटनमधल्या एका छोट्या केबल स्पोर्ट्स चॅनेलमध्ये वकील होते, सत्तावीस वर्षांची. चॅनेल चोवीस तास चालवायचं होतं आणि दाखवायला पुरेसे खेळ नव्हते, म्हणून आम्ही जगभरातले सामने गोळा करायचो. तो सिडनीहून तिथल्या रग्बी लीगच्या प्रक्षेपणाचे हक्क विकायला एकटाच आला होता. साठीचा, रुंद खांद्यांचा, स्वतः खेळलेला. एक कान कायमचा चुरगळलेला. त्याची अट एकच होती: सामना पूर्ण दाखवायचा, ऐंशी मिनिटं, कुठेही न कापता. आम्हाला नेमकी कापायचीच मुभा हवी होती. माझा बॉस म्हणायचा, "इथे कोणाला रूल्स कळतात? लोक टक्कर बघतील, बस." तीन दिवस बोलणी तिथेच अडली. शुक्रवारी तो आलाच नाही. तो जर्सी सिटीत उतरला होता त्या हॉटेलात फोन केला तर कळलं, छातीत दुखायला लागलं म्हणून तिथल्याच हॉस्पिटलमध्ये नेलंय. तुमच्याच हॉस्पिटलमध्ये; हृदयाचे डॉक्टर तुम्ही, म्हणजे तुमच्याकडेच.

शनिवारी सकाळी तुम्ही ओट्याशी उभे राहून कांदा चिरत होतात. शनिवारचे पोहे तुमचे, आईला सुट्टी. चिरता चिरता आठवड्याच्या केसेस सांगायच्या, नाव न घेता, हेही ठरलेलं. "काल काही इंटरेस्टिंग केस?" असं मी दर शनिवारी विचारायचे, म्हणून तुम्हाला काही वेगळं वाटलं नाही. त्या दिवशी मी मुद्दाम विचारलं होतं.

"एक ऑस्ट्रेलियन आला होता. महा हट्टी. तीन आर्टरीज ब्लॉक्ड, आणि म्हणतो, एक काम संपवतो मग येतो. स्वतःच्या जबाबदारीवर सही करून गेला." तुम्ही हसलात. "माझ्याशीच निगोशिएट करत होता. शेवटी मंगळवारवर सेटल झालं. संध्याकाळी सहाला ॲडमिट. त्यापुढे एक तास नाही, म्हटलं."

"अँड तो अग्री झाला?"

"हो म्हणाला. घाबरलाय, पण दाखवत नाही."

सोमवारी मी बॉसला एवढंच सांगितलं, "मंगळवारी संध्याकाळच्या आत त्याला मोकळं व्हायचंय. आपल्याला घाई नाही." का, ते त्यानं विचारलं नाही. मग आम्ही वेळ काढला. लांबलेलं लंच, पुन्हा टाइप करायला दिलेली पानं, उगाच घेतलेले फोन. मंगळवारी पाच वाजतात, साडेपाच होतात. तो घड्याळ बघतो, टायची गाठ सैल करतो, पाणी मागतो. पाणी मीच आणून देते. सहा वाजून गेल्यावर तो म्हणतो, "ठीक आहे. कापा." नवी पानं टाइप होऊन सह्या होईपर्यंत साडेसात झाले. जाताना त्यानं माझं कार्ड वाचलं. "हॉस्पिटलमध्ये याच नावाचे एक डॉक्टर आहेत. भला माणूस. तुमच्या नात्यातले?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्यात हे नाव कॉमन आहे."

त्या संध्याकाळी तो तुमच्याकडे आलाच नाही. दमला असेल, हॉटेलवर जाऊन पडला असेल. बुधवारी सकाळी त्याला ॲम्ब्युलन्सनं आणलं आणि गुरुवारी तो गेला.

पुढच्या शनिवारी तुम्ही टेबलाशी नुसते बसला होतात. माझं कार्ड तुम्ही माझ्यासमोर ठेवलंत. "हे त्याच्या कोटाच्या खिशात होतं. मला विचारत होता, ती टीव्हीवाली मुलगी तुमची का. मी अभिमानानं म्हटलं, माझीच. तर म्हणाला, ती तर नाही म्हणाली."

"बाबा, आय डिडन्ट नो की तो..."

"मंगळवारचं तुला माहीत होतं." तुमचा आवाज चढला नाही. "वेळेत आला असता तर वाचला असता, असंही नाही. ते कोणीच सांगू शकत नाही. पण पेशंटचं बोलणं मी घरात आणायला नको होतं. चूक माझी आहे."

तेव्हाच सांगायला हवं होतं, की तुमच्या तोंडून काही निसटलं नव्हतं, मी ते काढून घेतलं होतं. मी कार्ड उचलून पर्समध्ये टाकलं.

आम्ही ते सामने अर्ध्या तासाचे करून दाखवले, नुसत्या टकरी, मागे संगीत. मला बढती मिळाली. तुम्ही आणखी अकरा वर्षं प्रॅक्टिस केलीत आणि घरात हॉस्पिटलचा शब्द काढला नाहीत. आईनं एकदा विचारलं, "हल्ली काही सांगत नाही तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "तेच ते असतं गं." मी तिथेच होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि तेच मला अजून दिसतं.

हे पत्र मी कुठे पाठवणार? आणि तुम्ही असतात तरी पाठवलं असतं का, खात्री नाही. माझी मुलगी आता स्वतः डॉक्टर आहे. तिला तुम्ही फारसे आठवत नाही. परवा तिनं विचारलं, आजोबा पेशंट्सच्या गोष्टी सांगायचे का. मी म्हटलं, नाही, त्यांचा स्वभावच कमी बोलण्याचा होता.