अंथरूण गार पडू द्यायचं नाही

३ ऑक्टोबर

खोली मिळाली! आणि तीही अशी की सांगून कुणाला खरं वाटू नये. बदलीच्या गावी येऊन चारच दिवस झालेत. इस्पितळाच्या सूचनाफलकावर चिठ्ठी होती: ‘एकट्या मुलीसाठी खोली देणे आहे. रात्रपाळी करणारीला प्राधान्य.’ आजवर रात्रपाळी म्हटलं की घरमालकांच्या कपाळावर आठ्याच पडलेल्या पाहिल्या. रात्रपाळी हा गुण मानणारी ही पहिलीच बाई.

तिसरा मजला. घरात चौघं. मालकीणबाई, ज्यांना मी दहाव्या मिनिटाला मावशी म्हणायला लागले. त्यांचे यजमान, म्हणजे काका, बोलायला कमी आणि खोकायला जास्त. नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरी आलेली त्यांची मुलगी, ताई. आणि ताईची सात महिन्यांची ठकी. तिनं पहिल्याच भेटीत माझं नाक धरलं आणि सोडेचना. मी दीड-दीड किलोची बाळं सांभाळणारी नर्स, मला ठकी म्हणजे पहिलवानच वाटली.

माझी खोली ठकीच्या खोलीला लागून, मध्ये लाकडी फळ्यांची आडभिंत. मोठा जुना पलंग, कपाट, खुर्ची. मावशींच्या अटी दोनच. पलंग भिंतीपासून हलवायचा नाही, आणि झोपायचं ते पलंगावरच. जमिनीवर अंग धरतं म्हणाल्या. सख्ख्या आईनंही इतकं जपलं नव्हतं मला.

८ ऑक्टोबर

घडी बसली. रात्री नऊला जाते, सकाळी साडेसातला परत. चहा, आंघोळ आणि झोप. मावशी जाड पडदा ओढतात, पांघरूण हनुवटीपर्यंत खोचतात आणि मग घरात भांडंसुद्धा वाजू देत नाहीत.

एक गंमत लिहून ठेवते. सकाळी मी आडवी होते तेव्हा गादी कोमट असते. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, ऊन येतं ना खिडकीतून. खिडकी पश्चिमेला आहे. पण झोपेपुढे भूगोल कोण बघतो!

१४ ऑक्टोबर

आधी वाटलं डास. मग वाटलं इस्पितळातला साबण बाधला. दंडावर, मानेवर, कमरेशी लाल गांधी, त्याही तीन-तीनच्या रांगेत, कुणी टाके घातल्यासारख्या.

आज भरदुपारी जाग आली. मनगटावर काहीतरी चालत होतं. दिवा लावला तर मसुराएवढा, चपटा, तांबूस. ढेकूण! ढेकूण रात्रीचे, असं लहानपणापासून ऐकलेलं. हे माझ्यासारखेच पाळी बदलून घेतलेले दिसतात.

गादीची शिवण उलटून पाहिली. पेनचं टोक टेकवत गेल्यासारखे काळे ठिपके. पारदर्शक काती. साखरेच्या कणाहून बारीक पांढरी अंडी. फळ्यांच्या फटीतून गोडूस, शिळा वास.

मावशींना बोलावून दाखवलं. दचकल्या नाहीत, ओशाळल्याही नाहीत. झोप लागते ना पण, एवढंच विचारलं.

१९ ऑक्टोबर

शेवटी मीच फवारणीवाल्याला गाठलं. माणूस सज्जन. पत्ता ऐकून हातातला चहा खाली ठेवला. म्हणाला, त्या घरी मी तीनदा जाऊन आलोय. औषध वरवर लागतं, त्यांची मुळं आडभिंतीत आणि जमिनीच्या फळ्यांखाली आहेत. पूर्ण इमारतीचं काम एकदम करायला हवं, आणि बाकीचे बिऱ्हाडकरू दार उघडत नाहीत.

त्याच्याकडून मी बरंच शिकले. ढेकणाला अंधार लागत नाही, स्वस्थ पडलेलं माणूस लागतं. तो श्वासाचा माग काढतो आणि अंगाच्या उबेकडे येतो. माणूस दिवसा झोपत असेल तर तोही दिवसा जेवतो. उपाशी कित्येक महिने काढतो. आणि अंथरूण रिकामं राहिलं की बसून वाट बघत नाही, फटींतून पुढच्या श्वासाकडे निघतो. म्हणून काम चालू असताना माणसानं आपली जागा सोडायची नसते, हे मी मावशींना मागंच सांगितलंय, असंही म्हणाला.

२० ऑक्टोबर

अट गेली खड्ड्यात. पलंग भिंतीपासून हातभर ओढला. चारही पायांखाली तेलाच्या वाट्या ठेवल्या. चादरी उकळून काढल्या. गादीला प्लॅस्टिकचं आवरण घालून चेन चिकटपट्टीनं बंद केली. कड खाली लोंबणार नाही असं पांघरूण. या, आता पोहत या म्हणावं!

२३ ऑक्टोबर

तीन दिवस एकही चावा नाही. स्वतःवरच खूश आहे.

२४ ऑक्टोबर

नऊला गेले, पण पाळी अचानक बदलली, म्हणून मध्यरात्रीच घरी परतले. माझ्या खोलीत दिवा होता.

काका माझ्या पलंगावर झोपले होते. पलंग पुन्हा भिंतीला टेकवलेला. वाट्या नव्हत्या, गादीवर आवरण नव्हतं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या खांद्यापर्यंत वर सारल्या होत्या आणि दोन्ही हात पांघरुणाबाहेर, तळवे वर करून ठेवले होते. डोळे उघडे. मला पाहून उठले नाहीत. फक्त म्हणाले, “आज लवकर आलीस, पोरी. माझी पाळी संपायची आहे अजून.”

त्यांच्या कोपरांपासून मनगटांपर्यंत मोकळी जागा अशी नव्हतीच.

२५ ऑक्टोबर

मावशींनी सगळं सांगितलं, एकदाही न रडता.

ही त्यांची खोली होती. पहिल्यांदा ढेकूण दिसले तेव्हा त्यांनी सगळ्यांनी करावं तेच केलं. खोली बंद केली, कुलूप लावलं, मरतील उपाशी म्हणाले. आठ दिवसांत ठकीचं अंग फुटलं. दोन महिन्यांचं पोर. खाजवून जखमा चिघळल्या, ताप डोक्यात गेला, पाच दिवस इस्पितळात. तेव्हापासून मावशींनी ठरवलं की हे अंथरूण गार पडू द्यायचं नाही. आधी काकाच दिवसरात्र पडून असत. मग त्यांना चक्कर यायला लागली. मग माझ्यासारखीसाठी ती चिठ्ठी.

ताईला जायला दुसरं घर नाही. तान्ह्या पोरासह आणि ढेकणांसह कोण घेणार?

मग त्या मला आडभिंतीपलीकडे घेऊन गेल्या. ठकी झोपली होती. गालावर तीन, पापणीवर एक. ताजे.

माझे ते तीन सुखाचे दिवस.

वाट्या मी पुन्हा ठेवल्या नाहीत.

३० ऑक्टोबर

काका सकाळी न्हाणीघरात कोसळले. माझ्याच इस्पितळात दाखल केलंय. हिमोग्लोबिन पाच. डॉक्टरांनी विचारलं, रक्त जातं कुठून? मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मी जमिनीकडे.

१ नोव्हेंबर

काकांच्या जागी काल मावशी झोपल्या. सकाळी परत आले तर चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ सुजलेले, श्वास घशात शिट्टी मारत होता. त्यांना चावे सोसत नाहीत, आणि ताई ठकीला अंगावर पाजते, तिला पाळी नाही. इंजेक्शन मीच दिलं. डोळे किलकिले करून त्यांनी विचारलं, रात्रभर गादी गरम होती ना गं?

४ नोव्हेंबर

जे होऊ नये ते झालं. बाळाला तराजूवरून काचपेटीत ठेवत होते आणि माझ्या बाहीच्या शिवणीतून एक बाहेर आला. काचपेटीच्या कडेवर चढला. दीड किलोचं बाळ आत.

मी त्याला बोटानं चिरडलं. मोठ्या सिस्टरांनी पाहिलं होतं. ओरडल्या नाहीत. घर स्वच्छ झाल्याशिवाय यायचं नाही म्हणाल्या, आणि वसतिगृहातही नाही. बरोबरच आहे. मीही तेच म्हटलं असतं.

५ नोव्हेंबर

दादाला फोन केला. तो ये म्हणाला. मग वहिनीनं फोन घेतला. प्रेमानंच बोलली. म्हणाली, घरात जुळी लहान आहेत हो ताई, तुम्ही अगदी स्वच्छ झालात की या.

स्वच्छ झाले की.

आता रात्रपाळी नाही. म्हणजे दोन्ही पाळ्या माझ्याच.

८ नोव्हेंबर

खाज थांबली आहे. याचीच भीती वाटते. अंगानं भांडणं सोडलं. चालताना गळणारे पाय कळतात, पण चावे कळत नाहीत.

मावशी दूध आणतात. गोळी आणतात. पांघरूण खोचतात — आता हनुवटीपर्यंत नाही. हात बाहेर ठेवून.

१० नोव्हेंबर

पळाले. बसस्थानकाच्या बाकावर एक रात्र. बसूनच. बॅग पायात, कुणाच्या बॅगेला टेकू नये म्हणून सारखी ओढत राहिले. शेजारी एक बाई तान्हं घेऊन बसली — मी उठून उभी राहिले. मग उभीच.

सकाळी परत. ताईनं दार उघडलं. ठकीला पुढे केलं.

डावा डोळा उघडत नव्हता. कानामागे, मानेच्या घडीत — मोजले नाहीत.

ठकीनं माझं नाक धरलं.

मी आत जाऊन झोपले. कुणी सांगितलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

दुपार असावी. पडदा. फळ्यांतून तो गोडूस वास. आता माझ्याच अंगाला येतो —

श्वास रोखून पडून राहिले तर थांबतात. सगळे. सोडला की पुन्हा —

ठकीच्या डोळ्याची सूज उतरली म्हणे. बरं झालं.

१४ नोव्हेंबर

मावशी चिठ्ठी लिहून मला वाचून दाखवत होत्या. ‘एकट्या मुलीसाठी.’ रात्रपाळीचा उल्लेख नाही. म्हणाल्या, आता कुठलीही पाळी चालेल, तू आहेस तोवर. आणि दोघींचं जमलं तर एक पाळी तरी तुला सुटेल, कपडे उकळून घे, पुन्हा कामावर जा. तुझी बाळं वाट बघत असतील.

माझी बाळं. तराजूवर ठेवलं की आखडतात, मग हळूच मूठ सोडतात —

मी चिठ्ठीतली एक चूक दुरुस्त करून दिली.

१६ नोव्हेंबर

आली. एकोणीस-वीसची. कापडाच्या दुकानात लागली आहे, पहिलीच नोकरी. घर सोडून पहिल्यांदाच राहतेय. पलंग बघून हरखली, घरी चौघी बहिणी जमिनीवर झोपतात म्हणाली.

मावशी चहा करायला आत गेल्या. मुद्दामच गेल्या. आम्ही दोघीच. माझ्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या.

सांगता आलं असतं. एक वाक्य. दार उघडंच होतं. तिची बॅग अजून तिच्या हातातच होती, जमिनीला टेकलीही नव्हती —

पलीकडे ठकी खुळखुळा वाजवत होती.

तिनं विचारलं, ताई, इथे झोप नीट लागते ना?

ती उद्या सामान घेऊन येतेय.

मी तिला म्हटलं — मी फक्त एवढंच म्हटलं की अगं, इथे तर —