हलव्याची साखर

मी सुनेत्रा, कै. बापूजी पिंपळखुटे यांची पत्नी, वय एकसष्ट, राहणार रांझी, जबलपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. काळीज तेवढं थकलं. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून ही घाई.

१. राहतं घर व त्याला लागून असलेलं किराणा दुकान माझा एकुलता मुलगा रत्नाकर याला मिळावं. तो सध्या तुरुंगात आहे. तो येईपर्यंत घरात सून शरयू राहील. "नवऱ्याविना इथे काय करतेस, माहेरी जा," असं सांगायला जो येईल त्याला तिने पाणीसुद्धा विचारू नये.

रत्नाकर काळाबाजारवाला नाही, हे मी मरताना लिहून ठेवते. सरकारी कारखान्याच्या क्वार्टरांतल्या मराठी बायका दिवाळीपासून रेशनची साखर वाचवून माझ्याकडे आणून देत. संक्रांतीला नव्या सुनांचे, तान्ह्या बाळांचे हलव्याचे दागिने सगळ्यांना मीच करून द्यायची. परातीत तीळ, खाली मंद शेगडी, चमचा-चमचा पाक आणि बोटांनी फिरवत राहायचं, तेव्हा कुठे काटा येतो. यंदाच्या संक्रांतीला पाकिस्तानशी लढाई नुकतीच संपलेली, साखरेचा तुटवडा. कोणीतरी चुगली केली, अन् माझ्या माजघरात पोती सापडली. छाप्याला आलेल्या साहेबाने विचारलं, "अम्मा, ये शक्कर किसकी है?" मी तोंड उघडायच्या आत रत्नाकर म्हणाला, "मेरी है, साहब." मग हळूच मला म्हणतो, "आई, त्या लोकांच्या सरकारी नोकऱ्या. काहून गोवायचं त्यांना? कोर्टात खरं सांगू, चार दिवसांत येतो."

कोर्टात खरं सांगू! अरे बाबा, खटला असता तर ना! हा स्थानबद्धतेचा हुकूम. यात आरोप नाही, साक्ष नाही. पुढे काळाबाजार करील म्हणून आधीच आत.

२. पोस्टातली शिल्लक राइट टाउनचे वकील नीलकंठराव यांना दिल्लीच्या अपिलासाठी द्यावी. सुटकेसाठीचा इथल्या हायकोर्टातला अर्ज ते जीव तोडून लढले. न्यायाधीश म्हणाले, साखर कोणाची ते आम्ही तपासू शकत नाही. अधिकाऱ्याची खात्री पटली होती, तेवढं पुरे. चीनच्या लढाईपासून देशात आणीबाणी आहे. नीलकंठरावांनी मला स्पष्ट सांगितलं, "वहिनी, ज्यांची साखर त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, तर अधिकाऱ्याने चौकशीच केली नाही असं म्हणता येईल. नाहीतर आशा नाही." मी दारोदार फिरले. ज्या विनताच्या नातवाला मी हलव्याचा मुकुट केला होता, ती दार अर्धं लावूनच म्हणाली, "यांची पेन्शन जवळ आली हो." जळो मेली ती पेन्शन! शिल्लक बुडेल हे मला ठाऊक आहे. तरी द्यावी.

३. माझ्या पाटल्या व पितळी परात शरयूला. परातीत तिने कणीक मळावी. या वस्तीसाठी हलवा पुन्हा करू नये, ही सक्त ताकीद.

४. शरयूच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने डब्यात आहेत. छाप्याच्या आदल्या दिवशीच पूर्ण झाले, अंगावर चढलेच नाहीत. रत्नाकर सुटेल त्या दिवशी तिने काळं लुगडं नेसून ते घालावेत. आताच पिवळे पडलेत, काटा झडतो आहे. तोवर टिकतील असं मला वाटत नाही.

५. मला अग्नी द्यायला रत्नाकरला सोडणार नाहीत. त्यासाठी कोणापुढे हात जोडू नयेत. नर्मदेच्या ग्वारीघाटावर शरयूने अग्नी द्यावा. लोक बोलतील. बोलू द्या.

साक्षीसाठी शेजारचे श्रीपाद आणि रामकृष्ण बोलावल्याबरोबर आले. ओट्यावर बसून चहा पीत आहेत. दोघांच्याही घरची साखर त्या पोत्यांत होती. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, असं वकील म्हणतात. तशीही मी ठेवणार नव्हते. त्यांच्यापुढे मी दोन्ही कागद ठेवले, हा आणि ते प्रतिज्ञापत्र. श्रीपादने प्रतिज्ञापत्र वाचलं, नीट घडी घातली आणि मला परत दिलं. "काकू, यावर नका सांगू. मृत्युपत्रावर करून राहिलो ना सही."

कर बाबा. मेलेल्या बाईच्या कागदाने कोणाची नोकरी जात नाही.

ठिकाण : रांझी, जबलपूर
दि. ९ ऑक्टोबर १९६६

सही : सुनेत्रा बापूजी पिंपळखुटे

सुनेत्राबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार :
१. श्रीपाद गोविंद देशकर
२. रामकृष्ण महादेव बोरकर