मोहाखालचं गवत

माय, तू असतीस तर आधी ओरडली असतीस, का घरात एवढं काम पडलं आणि ही बाई कागद घेऊन बसली. ओरड. मी तिसरीपर्यंत शिकलेली, दोन ओळी लिहिता लिहिता बोटं आखडतात, आणि तुला तर अक्षराची ओळखच नव्हती. लिहिणारी अशी, वाचणारी तशी. पण या घरात आता माझ्याहून मोठं कोणी उरलं नाही. सगळे मला विचारतात, मी कोणाला विचारू? म्हणून तुला विचारून राहिली, आपल्या सांदवाडीतलं गवत आता कशानं कापायचं?

घरामागची सांदवाडी तशीच आहे. मागच्या दारातून पाय बाहेर टाकला की टेकडी सुरू, वर आपले मोह, आणि मधे कंबरभर गवत. फुलं गळायच्या आत खालची जागा साफ झाली नाही तर फूल गवतात हरवते, आणि त्या वासानं अस्वल दारापर्यंत येते, हे तुला सांगायला नको. बाकीचे लोक जाळून मोकळे होत. तू कधी जाळलं नाहीस, कारण खाली आपलंच गवताचं छप्पर होतं. आता छप्पर कवेलूचं झालं तर जंगलवाले जाळू देत नाहीत. तेव्हा कापणं आलंच. तू कापायचीस ते अजून दिसते मला. ऊन वरच्या बुंध्यावर आलं आहे, दव सुकलं आहे. तू लुगडं घट्ट खोचतेस, कमरेला दोर बांधतेस, त्याचा एक वेढा मोहाच्या बुंध्याला घालतेस आणि टोक माझ्या हातात देतेस. 'ढील नोको देऊ, वढू बी नोको. मी सरकली का तेवढाच सोडजो.' मग आडवी आडवी कापत जातेस, एक पट्टा झाला की एक पाऊल खाली, पुन्हा आडवी. एकदा मी शहाणपणा करून तुझा इळा घेतला आणि वरून सरळ खाली कापत निघाली, तर तू तो हिसकून घेतलास. 'उभी कापशीन तं उभीच जाशीन खाली, थेट चुलीत! वाळलं गवत तेलावानी रायते.' त्याच वर्षी माझ्या मुठीच्या मापाची मूठ बसवून लहान इळा करून दिलास, आणि वर म्हणालीस, हरवला तर जेवायला देणार नाही. हरवला नाही. खुंटीला आहे. पण माझी बोटं आता बधिर झाली. हातात इळा आहे का सुटला, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समजत नाही.

तुझा नातू, माझा पोरगा, मागच्या वर्षीच म्हणून राहिला होता, 'इळ्यानं कोन कापते आता? मशीन आनू.' यंदा नवराबायको रेल्वेनं गोंदियाला गेले. दुकानदारानं विचारलं, 'जगह कैसी है भैया?' आणि हा म्हणाला, 'घर के पीछे का आंगन है जी.' खोटं काही नाही बोलला. तो तिथंच रांगला, तिथंच गोट्या खेळला, त्याला तो चढ वाटतच नाही. मलाही नाही वाटत. चढ दिसतो तो फक्त माझ्या सुनेला, कारण ती आमगावकडची, सपाट धानाच्या बांध्यांतली. लग्न होऊन आली तेव्हा मागचं दार उघडून म्हणाली होती, 'हे तं भिंतच हाय जी!' त्यावरून मी तिला इतकी वर्षं टोचत आली. टोपली घेऊन वर निघाली की म्हणायची, चालली वो राणी भिंतीवर. दुकानातही चढ तिलाच आठवला. घरी येऊन मला सांगे, 'मी यायले कोपर मारला का चढ सांगा, तं मनतेत, कोनता चढ वो?' दुकानदारानं चार चाकांची ढकलायची मशीन दिली, शहरातल्या बगीच्यात फिरते तशी. आंगन म्हटल्यावर त्यानं दुसरी कोणती द्यायची?

मशीन पाहून सून म्हणाली, हे घसरन. पोरगा म्हणाला, दोर बांधू. हा दोर त्याला सुचला तो तुझ्यापासून. तो लहान असताना मीच तुझी गोष्ट सांगायची. पण तू दोर माणसाला बांधत होतीस, यानं मशीनला बांधला. मशीन बांधलेली आणि माणूस मोकळा. हे मला त्याच वेळी दिसायला पाहिजे होतं, पण मी दोर पाहिला आणि मला बरंच वाटलं, का माझ्या मायची रीत चालू आहे. सून वर बुंध्याजवळ दोर धरून, हा मशीनमागं, मी खाली दारात. आडवी चालवली तोवर ठीक. मग तो वळवायला गेला, दोर ढिला झाला, आणि खालून मला दिसलं का दोर चाकांपुढं लोळून राहिला. मी ओरडली. इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. दोन्ही हात हलवले, तर पोरगा हसून मला हात हलवतो. दोर पात्यात गेला, हिसका बसला, पोरगा वाळल्या गवतावरून सरसर खाली आणि त्याच्यामागून मशीन. सगळं माझ्याकडंच येऊन राहिलं होतं आणि मी दारात उभी. अडवणार काय, पदर धरून? इंजिन मधेच बंद पडलं म्हणून पाय मोडला, कापला नाही. आता नडगीत सळई आहे आणि साहेब खाटेवरून हुकूम सोडतात.

फुलं थांबत नाहीत. गावात ज्याचे त्याचे मोह आहेत, मदतीला बोलवावं कोणाला? सून माहेरी जाऊन भावाची मशीन घेऊन आली. ही खांद्याला पट्ट्यानं अडकवायची, लांब दांडी आणि टोकाला फिरणारं पातं. पात्याच्या जागी नायलॉनची तारही लावता येते. दोन्ही तिनं माझ्यापुढं ओसरीवर मांडलं. लोखंडी पातं सपासप कापते, पण आपल्या उतारात गोटे किती, तुला ठाऊक. पातं गोट्यावर आदळलं का दांडी माणसालाच फिरवते म्हणे. तार आदळली तर तार तुटते, माणूस राहतो, पण काम लांबते, म्हणजे ती तेवढी जास्त वेळ त्या उतारावर. बूट घालावे तर पायाखालची जमीन समजत नाही, अनवाणी जावं तर गोटे उडतात. दोर बांधावा तर तो दिवस आठवतो, न बांधावा तर वाळलं गवत आहेच.

'सांगा जी आत्याबाई, कोनतं लावू?'

'मले कायले इचारते? मी का इंजन चालवलं?'

'तुमी गवत कापलं ना.'

'राहू दे मग यंदा. पडू दे फुलं गवतात.'

'आन अस्वल आलं तं? यायले खाटेसकट उचलून पळू का?'

खाटेवरून पोरगा म्हणाला, 'लोखंडी लाव.' दोघी मिळून त्याला गप्प केलं. ती पुन्हा माझ्याकडं पाहत उभी राहिली. माझ्याकडं सगळ्यावर उत्तर असते, माय, ते तू मला दिलं होतंस, पण इंजिनावरचं तुझ्याकडंही नव्हतं. मी म्हटलं, 'मले नाही समजत वो.' इतक्या वर्षांत तिनं हे माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. हसली असती तर मी दोन शिव्या तरी दिल्या असत्या. ती हसली नाही.

तिनं तिचंच ठरवलं. तार लावली. नवऱ्याचे बूट, पुढं चिंध्या कोंबून. आणि दोर, पण कमरेला, मागून, तू बांधत होतीस तसा, म्हणजे मशीनच्या तोंडाशी जाणार नाही. दव सुकलं का ती आडवी सुरू होते. मी खुरडत वर जाते, बुंध्याशी बसते, वेढ्याचं टोक हातात घेते. तिचा पाय सरकला तर हाक मारून उपयोग नाही, इंजिन ऐकू देत नाही. बोलायचं तोंड तेवढं देवानं धड ठेवलं आणि तेच कामाचं नाही. तू त्या उतारावर एवढी जपून राहिलीस, एकदा पडली नाहीस, आणि तापानं खाटेवर मेलीस. मग जपायचं ते काय, मला अजून समजलं नाही. अर्धं गवत झालं. उद्या कडेचं आहे, सगळ्यात उभं.

हा कागद कुठं धाडायचा नाही. गाव तरी कोणतं लिहू? पण एक सांगते. काल टोक माझ्या हातात देण्याआधी सुनेनं तेच टोक माझ्या मागच्या झाडाला बांधलं, मी पाहत नाही असं समजून. ती इंजिन सुरू करायला वाकली तेव्हा मी हात मागं नेऊन ती गाठ पक्की आहे का ओढून पाहिली. बोटांना समजेना, म्हणून वळून डोळ्यांनी पाहिली. मग पुढं तोंड केलं आणि दोर धरला.