पदवीपत्र विभागाची साडेतीनची कवायत

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (या वेळचा नुसता कागदावरचा समजू नकोस. सगळं अंग जमिनीला टेकवून, कुणाचाही हात न धरता परत उठता येतं मला आता, सत्तावन्नाव्या वर्षी. वहिनीला हे मुद्दाम वाचून दाखव.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीला झोप लागते का? मी अगदी ठणठणीत आहे. तू विचारणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून आपणहून सांगते.

झालं असं, की विद्यापीठानं कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची पाहणी काढली. वीस प्रश्नांचा छापील तक्ता. गेल्या पंधरवड्यात उत्साह वाटला का, कामावर यावंसं वाटतं का, असलं सगळं. आमच्या विभागातल्या सातही जणांनी कचेरीच्या सवयीनं प्रत्येक प्रश्नापुढे 'लागू नाही' लिहिलं. एकोणीस विभागांत आम्ही एकोणिसावे! लगेच परिपत्रक आलं, की या विभागानं रोज साडेतीनला अर्धा तास व्यायाम करावा. मी पोच म्हणून सही केली, तीच संमती धरली गेली आणि मी व्यायामप्रमुख झाले. (शाळेत कवायतीच्या तासाला माझं पोट दुखायचं, आणि चिठ्ठी तू लिहून द्यायचास. आता बोल!)

पहिला दिवस कपाटांच्या मधल्या बोळात. मी म्हटलं, हात बाजूला पसरा. सात जणांचे चौदा हात, एकही कपाट वाचलं नाही. वरून कुणी न नेलेल्या पदवीपत्रांचा ढीगच्या ढीग अंगावर आला. त्यात आमच्या शिपायाचं स्वतःचं पदवीपत्र निघालं, जे तो अकरा वर्षं आमच्याकडेच मागत होता आणि आम्ही 'शोध चालू आहे' म्हणून सांगत होतो. त्या दिवसापासून व्यायामाविरुद्ध कुणी ब्र काढला तर तो अंगावर धावून जातो.

मग मी सगळ्यांना जिन्यावर नेलं. चार मजले, वर-खाली तीनदा. टंकलेखिका पहिल्या आठवड्यात मला शिव्या देत चढायची, दुसऱ्या आठवड्यात गप्पा मारत. एकटे हुंकारराव मागे राहायचे. हे आमचे अभिलेखपाल, जुन्या फायली सांभाळणारे. तीन वर्षांत 'हूं' पलीकडे त्यांनी शब्द उच्चारला नव्हता, म्हणून हे नाव. डबाही कपाटाआड एकटेच खायचे.

एका गुरुवारी ते तिसऱ्या मजल्यावर मटकन खाली बसले. मला वाटलं, दम लागला. तर म्हणाले, "बाई, मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय. रोज मान खाली घालून यायचं, आता नाही होत."

तुला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून चारशे बारा पदवीपत्रांवर 'उत्तीर्ण'च्या जागी 'उत्तीण' छापून गेलं होतं. रफारच गायब. छापखान्यात कागद हुंकारराव घेऊन गेले होते, म्हणून सगळ्यांनी त्यांनाच धरलं. दादा, त्या कागदावर 'तपासले' म्हणून सही माझी होती. मी गप्प बसले होते.

जिन्यावर बसून मी ते त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "हूं." मग म्हणाले, "माहीत आहे. फाइल माझ्याच कपाटात आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. तुम्ही रात्रभर जागून यायचात. म्हटलं, चार दिवसांत लोक विसरतील." मग पायरीकडे बघत म्हणाले, "विसरले नाहीत."

मी उठले आणि तीन मजले न थांबता उतरले. (हा अजूनही आमच्या विभागाचा विक्रम आहे.) धापा टाकतच सगळ्यांसमोर सांगितलं, की रफार मी खाल्ला. मग टंकलेखिका उठली, कपाटाआडचा हुंकाररावांचा डबा उचलून आणला आणि सगळ्यांच्या मोठ्या टेबलावर मधोमध ठेवला. हुंकारराव दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

आता ते इतकं बोलतात की कधीकधी जुनं बरं होतं असं वाटतं. दुसऱ्या पाहणीत आमचा विभाग दुसरा आला! पहिले माळी. ते दिवसभर झाडांत असतात, त्यांना मी धरत नाही. कुलगुरूंनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि मी मान ताठ ठेवून ते घेतलं. तुझ्या बहिणीचा अभिमान वाटून घ्यायला हरकत नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. त्या वेळी मी तुलाही 'अभिलेखपालानं घोळ घातला' असंच लिहिलं होतं, आणि तू तो किस्सा अजून चारचौघांत रंगवून सांगतोस. यापुढे माझं नाव घेऊन सांग.

ता. क. २. हुंकाररावांनी अर्ज मागे घेतलाय, पण कुलसचिवांना त्याचं कारण लेखी हवंय. म्हणून माझा कबुलीजबाब त्यांच्या फायलीत लावायचा आहे. मसुदा सोबत जोडलाय. तीस वर्षं तू भाषा शिकवलीस, तर तेवढं शुद्धलेखन बघून सोमवारपर्यंत परत पाठव. 'उत्तीर्ण' तीन ठिकाणी आलंय. मी दोनदा नीट वाचलंय, पण तेव्हाही दोनदाच वाचलं होतं.