झाडलेल्या घराची बरकत

१२ मे, मंगळवार

जिन्याची पाटी पुन्हा माझ्या दाराला! 'तुमची पाळी.' पुठ्ठा मळका, दोरी त्याहून मळकी, आणि हा हुकूम म्हणे जिना स्वच्छ राहावा म्हणून. राजाराण्यांची डोकी उडाली, त्याची नोंद इतिहासाने ठेवली. ग्रिझेल पर्डीला घर सोडायच्या पंधरवड्यात दगडी जिना धुवायला लावला, याची नोंद कोण ठेवणार? म्हणून इथे ठेवते.

पाटी अडकवणार खालच्या मजल्यावरच्या मिसेस पेट्री. त्यांना म्हटलं, "मी अठ्ठावीसला जातेय. येणारे धुतील की."

"जाणार आहेस म्हणून हवेतून ये-जा करतेस का, पोरी? धू."

त्रेपन्नाव्या वर्षी मला 'पोरी' म्हणणारं अख्ख्या एडिंबरात हे एकच माणूस उरलं आहे. धुतला. गुडघे अजून बोलताहेत.

१४ मे, गुरुवार

दैवाला विनोदबुद्धी आहे, पण शाळकरी. जुन्या स्कॉट्स भाषेच्या कोशात 'एफ' अक्षर माझ्या वाट्याला, आणि या महिन्यात त्यातला शब्द कोणता? 'फ्लिट'! म्हणजे बिऱ्हाड हलवणं. दिवसभर ऑफिसात चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या लोकांची बिऱ्हाडं हलवायची, संध्याकाळी येऊन आपलं बांधायचं.

बुटांचे तीन खोके भरून चिठ्ठ्या आहेत. एकेका चिठ्ठीवर कुठल्याशा जुन्या कागदातलं एकेक वाक्य, ज्यात हा शब्द आलाय. त्या टेबलावर पसरायच्या, अर्थाअर्थाचे ढीग लावायचे, कुठला अर्थ आधीचा ते ठरवायचं. पत्त्यांचा डावच तो, फक्त जिंकत कुणी नाही.

आज दिसलं ते असं — हा शब्द मुळात सकर्मक. पार मागे गेलं तर कुणी आपणहून 'फ्लिट' होतच नाही. माल फ्लिट करतात, सामान फ्लिट करतात. कुणीतरी कशाला तरी उचलून दुसरीकडे नेतो. आपण आपलं घर सोडून निघालो, हा अर्थ मागाहूनचा. एक लहानसा ढीग गुरांचा आहे. दाव्याची खुंटी उपटायची, चार हात पलीकडे ताज्या गवतात ठोकायची — तेही फ्लिट. गाय बिचारी समजते, मीच गेले.

माझी खुंटी ईशान्य किनाऱ्यावरच्या, फ्रेझरबरोच्या कार्डनोसाहेबांनी उपटली. घरमालक. पत्र फार सभ्य होतं. भाची नवऱ्याबरोबर तिकडून एडिंबराला राहायला येतेय, घर घरच्यांसाठी लागतंय, तरी व्हिट्सनला रिकामं करावं. म्हणजे अठ्ठावीस मे. कुळांना हलवायला या देशाने पूर्वीपासून राखून ठेवलेला दिवस! वीस वर्षांवर राहिले मी या घरात. आता पोर्टोबेलोला मावसबहिणीची मागची खोली. ताजं गवत.

१५ मे, शुक्रवार

पुस्तकांचे खोके भरले. वाचताना इतकी जड नव्हती.

१८ मे, सोमवार

फर्गसशी भांडण. फर्गस टलक आमचा मुख्य संपादक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि वीस वर्षांनी शहाणा.

"'बिऱ्हाड हलवणे' हा अर्थ एक नंबरला घे," म्हणाला.

"जुना तो आधी. नियम तुझाच आहे."

"ग्रिझेल, लोक कोश उघडतात ते ओळखीचं काही सापडावं म्हणून."

"मग कोश कशाला छापतोस? आरसे वीक."

हसला नाही. "आणि ती गाय काढून टाक. दाव्याचा अर्थ आता कुणाला हवाय?"

"गाईला हात लावलास तर राजीनामा देईन."

"तू दरवर्षी देतेस."

"या वर्षी सामान बांधलेलं आहे."

यावर मात्र उठून गेला. चहा आणून दिला. फर्गसचा चहा म्हणजे शिक्षाच, पण प्यायले.

२० मे, बुधवार

आज कोर्टाचा ढीग. घर रिकामं करायच्या नोटिसा. सगळ्यांत एकच मंत्र — अमक्याने 'फ्लिट व्हावे व निघून जावे'. स्वतः, बायको, मुलं, नोकर, गुरंढोरं, चीजवस्तू यांसह. वकिलाला एका शब्दाने माणूस बाहेर काढल्यासारखं वाटतच नाही, दोन लागतात.

यादी स्वतःला लावून पाहिली. नवरा नाही, मुलं नाहीत, नोकर नाही, गुरं नाहीत. मला हलवणं तसं सोपंच.

२३ मे, शनिवार

दारात एक पोटुशी मुलगी, हातात फीत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "मी लोर्ना. कार्डनोमामांची भाची. पडदे मोजायचे होते... अडचण नाही ना, बाई?"

अडचण! घर माझ्यापासून सोडवून घेतलंय, आता अडचण विचारते. पण सातवा महिना, वर चढून धापा टाकत होती. बसवलं, पाणी दिलं.

गुंडाळीत धुरावलेले हॅडॉक मासे. "माझी आत्या घरीच धुरी देते. बाजारातल्यासारखे पिवळे नाहीत हं." नवऱ्याचं नाव मर्डो. गेल्या हिवाळ्यापर्यंत मासेमारीच्या बोटीवर होता, आता इथे बस चालवणार. "समुद्र पुरे झाला," एवढंच म्हणाली आणि उठून खिडकीकडे गेली.

"पाळणा इथे छान बसेल, नाही?"

'इथे' म्हणजे माझं टेबल. या टेबलावर मी एक-दोन नव्हे, चार अक्षरं संपवली आहेत.

"ऊन येतं का हो इथे?"

"सकाळी येतं. दहापर्यंत."

खरं तेच सांगितलं, आणि सांगितलं याचाच राग आला. मुलगी वाईट असती तर किती सोय झाली असती!

हॅडॉक खाल्ले. उत्तम होते. ते पचले, बाकीचं नाही.

२५ मे, सोमवार

तिसऱ्या खोक्याच्या तळाशी भलत्याच काळातली चिठ्ठी सापडली. शंभरेक वर्षांपूर्वी ईशान्येच्या किनाऱ्यावर कुणी पाद्री लोकांच्या समजुती टिपत हिंडायचा, त्याची. लिहिलंय — नव्या बिऱ्हाडाला घर झाडलेलं मिळणं अशुभ. कचरा तिथे बरकत. जाणाऱ्याच्या मनात येणाऱ्याविषयी आकस असला, तर तो निघताना घर लख्ख झाडून काढी, आणि घराची बरकत केराबरोबर घेऊन जाई.

आमच्या काळाबाहेरची, म्हणून नियमाने बाजूला ठेवायची. ठेवली. मग घरी आले आणि व्हॅक्यूम क्लीनर कुठल्या खोक्यामागे गेला ते शोधायला लागले.

इतका सभ्य सूड मी आजवर वाचला नव्हता. तक्रार करता येत नाही, उलट आभार मानावे लागतात! आणि ही समजूत आता कुणाला ठाऊक असणार — मला आणि बुटाच्या खोक्याला.

२७ मे, बुधवार

रजा काढली. सकाळपासून झाडतेय. भिंतीतली कपाटं, कपाटांच्या वरच्या फळ्या, फळ्यांच्या मागची फट. कोळशाची पेटी, जिच्यात दहा वर्षांत कोळसा नव्हता पण काळोखी होती. खिडक्यांच्या खाचा. एक हरवलेलं कानातलं सापडलं. त्याचा जोडीदार मी कधीच टाकून दिला होता.

मिसेस पेट्री डोकावल्या. जिभेला हाड नाहीच. "बरी आहेस ना, पोरी? वीस वर्षांत तुझ्या हातात फडकं पाहिलं नव्हतं."

"शेवटचं दर्शन चांगलं असावं."

"दर्शन? आरशासारखं केलंयस की! पाय ठेवायची भीती वाटते." आणि जराशा थांबल्या. काहीतरी म्हणणार होत्या, म्हणाल्या नाहीत. असं त्यांच्या बाबतीत होत नाही.

संध्याकाळपर्यंत व्हॅक्यूमची पिशवी उशीसारखी फुगली. पाठ धनुष्य. मन म्हणावं तितकं प्रसन्न नाही, पण दमलेल्या माणसाचं कुठे असतं.

२८ मे, गुरुवार

झालं. फ्लिट झाले व निघून गेले.

ती दोघं दुपारी व्हॅन घेऊन आली. मर्डो उंच, मान वाकवून बोलणारा, हात दोरांनी सोललेले. पहिलं खोकं घेऊन दारापर्यंत आला. आत पाहिलं. जमीन पाहिली. मग खोकं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि उभाच राहिला.

लोर्ना म्हणाली, "किती... किती स्वच्छ केलंत, बाई." आवाज पार खाली गेलेला. जिना चढून दमली असेल, असं मी मनाला सांगितलं. मन हो म्हणालं. ते सोयीचं असलं की पटकन हो म्हणतं.

किल्ल्या दिल्या. मावसबहीण खाली गाडीत हॉर्न वाजवत होती. सामानात शेवटचा व्हॅक्यूम. पिशवी रिकामी करायचं राहूनच गेलं.

२९ मे, शुक्रवार

पोर्टोबेलो. पहाटेपासून समुद्रपक्ष्यांची भांडणं, नगरसभेसारखी.

सकाळी फर्गसचा फोन. "रात्री सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या. तुझं खरं आहे. जुना अर्थ आधी. गायही राहू दे." फर्गस! चुकलो म्हणाला! अकरा वर्षांत प्रथम.

दुपारी मावसबहीण म्हणते, "मागच्या खोलीत ओल आहे ग. पुढची समुद्राकडची घे, तिथे कोण येतंय राहायला."

कोपऱ्यात व्हॅक्यूम उभा. पोटात वीस वर्षांची धूळ. त्याच्याकडे पाहून म्हटलं, पोचली वाटतं बरकत! एकटीच हसले. बऱ्याच दिवसांनी.

३० मे, शनिवार

मिसेस पेट्रींचा फोन. त्या फोनवर ओरडतात. लांबच्या माणसाला ऐकू जात नाही अशी त्यांची समजूत.

"काय करून ठेवलंस हे?"

"मी? मी घर साफ केलं."

"तेच म्हणतेय मी! माझी आई पीटरहेडची, त्यांच्याच किनाऱ्यावरची. मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. म्हटलं, ही शिकलेली बाई, हिला काय ठाऊक असणार!"

सामान अजून जिन्यात आहे. मर्डो उंबरा ओलांडायला तयार नाही. व्हॅनमध्ये झोपतो. लोर्ना मिसेस पेट्रींच्या कोचावर, पाय सुजलेले. गेल्या हिवाळ्यात बोट बुडाली तेव्हा मर्डो वाचला, त्याचा धाकटा भाऊ नाही वाचला. निघताना धक्क्यावर म्हाताऱ्यांनी काहीतरी अपशकुन झाला म्हणून थांबा म्हटलं होतं. दोघं भाऊ हसले होते.

"तो म्हणतो, एकदा हसलो, आता मूल येतंय, आता नाही हसणार. आणि ती बिचारी काय म्हणते ठाऊक आहे? 'त्या बाईंचा आमच्यावर राग असणारच. त्यांचं घर गेलं.' तुझीच बाजू घेतेय!"

मी विचारलं, केराऐवजी घरात थोडी राख टाकली तर?

"माझ्या शेगडीतली घेऊन गेले होते. नको म्हणाला. आधीच्या माणसाचीच लागते ना. दुसऱ्याची चालत नाही."

"आत्ता निघते मी."

"आज शनिवार! शनिवारचं बिऱ्हाड टिकत नाही, एवढं तरी तुझ्या पुस्तकात आहे की नाही? उद्या ये." आणि फोन आपटला. 'पोरी' म्हणाल्या नाहीत.

दुपारभर पुढच्या खोलीत बसून होते. समुद्र फार चांगला दिसतो इथून. खोली सोडवत नाही. बरकत परत दिल्यावर फर्गसने मत बदललं तर बदलो, ओल आली तर येवो — असं म्हणते आणि शिकलेली बाई असून मनातून चक्क घाबरते! व्हॅक्यूमची पिशवी काढून दोरीने तिचं तोंड बांधलं.

३१ मे, रविवार

पहिल्या बसने गेले. पिशवी मांडीवर. शेजारी चर्चला निघालेल्या एक बाई, त्या सरकून बसल्या.

मर्डो जिन्यात, खोक्यांच्या मधोमध बसलेला. मला पाहून उठला. "काही राहिलं का, बाई?"

"हो. माझं नाही, घराचं."

आत गेले. कपाटांच्या फळ्यांवर, दारामागे, कोळशाच्या पेटीत, आणि खिडकीखाली जरा जास्त. पिशवी उलटी करून झटकली. लोर्ना तोंडावर हात धरून दारात उभी.  मला खोकला आला.

मर्डोने पाळण्याच्या फळ्या खांद्यावर घेतल्या. उंबऱ्याशी थांबला. बूट चिखलाने भरलेले.

"पाय पुसू का?"

"मुळीच नको," म्हटलं.